मूलकणांचा तराजू

दुकानातील तराजूची पारख करावयाची झाल्यास निरीक्षक त्यात प्रमाणित वजन टाकून पाहतो. परंतु जे यंत्र मूलकणांची ऊर्जा मोजते, त्याच्या पारड्यात कोणते वजन टाकावे? चेन्नई येथील आयआयटी मद्रास या संस्थेचे भौतिकीविज्ञ ज्यात सहभागी आहेत, त्या ‘सीएमएस’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगापुढे हा प्रश्न नित्याचाच आहे.

या प्रयोगाचे सुमारे १४,००० टनांचे शोधक यंत्र जिनीव्हाजवळ, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवर उभारलेले आहे. प्रोटॉनांच्या टकरींतून जे कण बाहेर पडतात, त्यांपैकी इलेक्ट्रॉन व फोटॉन यांची ऊर्जा मोजण्यासाठी त्यात लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक बसविले गेले. हा पदार्थ दिसावयास काचेसारखा, पण लोखंडाहून जड. कण आत शिरला की स्फटिकात क्षणमात्र प्रकाश उमटतो; प्रकाश जितका अधिक, तितकी कणाची ऊर्जा अधिक.

अडचण अशी की, हे स्फटिक मोठे चंचल. ज्या प्रारणाचे मोजमाप करावयाचे, त्यानेच ते किंचित काळवंडतात आणि टकरी थांबल्या की पुन्हा काहीसे उजळतात. तापमान एका अंशाने वाढले तरी त्यांचा प्रकाश सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. म्हणून मधल्या भागातील स्फटिक १८ अंश सेल्सियसवर राखतात. त्यात अंशाच्या विसाव्या भागाहून अधिक फरक पडू देत नाहीत. काळवंडणे मात्र थोपविता येत नाही, त्याची नोंदच ठेवावी लागते. प्रोटॉनांच्या झोतात मुद्दाम राखलेल्या सुमारे तीन मायक्रोसेकंदांच्या रिकाम्या अवधीत लेसरचा प्रकाश तंतूंवाटे स्फटिकांत सोडला जातो. पलीकडे किती प्रकाश पोचला, यावरून प्रत्येक स्फटिकाच्या मापाची दुरुस्ती ठरते. सर्व स्फटिकांची अशी एक फेरी सुमारे ४० मिनिटांत पुरी होते.

तथापि लेसरने केवळ बदल कळतो, मूळ माप कळत नाही. प्रमाणित वजन निसर्गच पुरवितो. झेड बोसॉन हा कण कधी कधी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोडीत विघटित होतो. त्याचे वस्तुमान, ९१.१९ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, पूर्वीच्या प्रयोगांतून अचूक ठाऊक आहे. अशा असंख्य जोड्यांवरून ते तेवढे भरले नाही, तर चूक झेडची नव्हे, यंत्राची!

२०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, तो या दक्षतेच्या बळावर. फोटॉनांच्या जोड्यांच्या आलेखावर १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक लहानसा उंचवटा दिसला. स्फटिकांची मापे परस्परांशी जुळलेली नसती, तर तो पसरट होऊन भोवतालच्या नोंदींत मिसळून गेला असता. टकरी चालू असताना आलेखांवर पाळीपाळीने रात्रंदिवस नजर ठेवली जाते. स्फटिकांचा एखादा गट मुका झाला किंवा अकारण बडबडू लागला, तर त्याची नोंद होते, आणि त्या वेळची सदोष माहिती पुढील अभ्यासातून वगळतात.