रस्त्यावरील धूर आणि त्याचे गणित

इंदूर शहरातील परदेशीपुरा ही मालवा मिलच्या परिसरातील जुनी कामगार वस्ती होय. एके काळी गिरण्यांची धुराडी ही या भागाची खूण होती. कालांतराने ती थंडावली. रस्त्यांवरील वाहने मात्र वाढली. धुराड्याचा धूर उंचावर सुटे व पसरून विरळ होई. वाहनाचा धूर जमिनीलगत, शाळेच्या वाटेवरील मुलाच्या नाकाच्या पातळीवरच सुटतो.

प्रत्येक चौकात हवा तपासण्याचे यंत्र बसविणे शक्य नसते. म्हणून शास्त्रज्ञ गणिती प्रतिमानाचा आधार घेतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी मोजणीची. तासाभरात किती दुचाकी, रिक्षा, बसगाड्या व मालमोटारी गेल्या, हे प्रकारवार नोंदवितात. प्रत्येक प्रकारचे वाहन दर किलोमीटरला किती दूषित द्रव्य सोडते, याचे दर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने चाचण्यांवरून काढले आहेत. समजा, १२०० वाहने गेली व दर वाहनी २ ग्रॅम वायू सुटला, तर तासाला एका किलोमीटरवर २४०० ग्रॅम वायू हवेत मिसळला.

दुसरी पायरी वाऱ्याची. रस्ता ही धूर सोडणारी एक रेषा मानून दूषित द्रव्य किती अंतरावर किती उरेल, हे सूत्राने काढतात. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर प्रदूषण सुमारे दुप्पट होते. माळव्यातील हिवाळी सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही. त्यामुळे तेवढ्याच वाहनांचा धूर अधिक दाटतो.

तिसरी पायरी पडताळ्याची. आलेले उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहावे लागते. उंच इमारतींमधील अरुंद गल्लीत वारा घुटमळतो, तर चौकात थांबलेली वाहने इंजिन चालूच ठेवतात. तेथे साधे सूत्र फसते.

२००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार अतिसूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ही मर्यादा पाळण्यासाठी जड वाहने वळवावीत, सिग्नलची वेळ बदलावी की बसगाड्या वाढवाव्यात, याचा अंदाज खर्च करण्यापूर्वीच प्रतिमानावरून बांधता येतो. मात्र मोजणी सदोष असल्यास उत्तरही सदोष येते व त्याची झळ रस्त्यालगत राहणाऱ्यांना पोहोचते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारातून एक तास वाहनांची प्रकारवार नोंद करवून घ्यावी. गणिताचा हा धडा त्यांच्या स्वतःच्या श्वासाशी निगडित आहे.