या महिन्याचा पाठ : पाण्याला कुंपण कसं घालतात?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत अभयारण्याचा विषय निघाला. आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की टिपेश्वर, आणि टिपेश्वर म्हटलं की वाघ. समुद्रातही अभयारण्य असतं, असं मी म्हटलं तर एक मावशी म्हणाल्या, "पाण्याले कुंपण कसं घालतात वो ताई?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यासमोर, कुरटे नावाच्या बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. शेजारी पद्मगड हे छोटं बेट. ही बेटं, भोवतीचे खडक आणि पाणी मिळून १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला साधारण ३ चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा, तिथे नियम जास्त कडक. टिपेश्वर याच्या पाचपट मोठं आहे. कुंपण अर्थातच नाही, हद्द नकाशावर आखलेली.

एवढंसं पाणी राखायचं कशाला? तिथे खडकांवर प्रवाळ आहेत. दागिन्यातल्या पोवळ्याचे हे दूरचे नातेवाईक. दिसायला दगड, पण असतात बारीक बारीक जीव. ते चुन्याची घरं बांधतात आणि फार हळू वाढतात. त्यांच्या कपारीत माशांची पिल्लं लपतात, मोठी होतात, मग बाहेर पडतात आणि जाळ्यात येतात. गटात आपण मूळ बचतीला हात न लावता व्याज वापरतो ना, तसंच. आपला नांगर जमिनीत रुततो, होडीचा नांगर पाण्याच्या तळाशी. तो प्रवाळावर पडला की कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला. तिकडे पुरुष होडी घेऊन जातो आणि बाजारात मासे विकायला बाई बसते. होडी थांबली तर तिची टोपली रिकामी. मला तरी त्यांचा विरोध चुकीचा वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपलं पाहिजे, ही तरतूद त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे अभयारण्य आधी आणि तरतूद नंतर! लोकांना आधी विचारलं नाही की चांगल्या कामालाही लोक आपलं मानत नाहीत.

त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला एक वेगळं उदाहरण आहे. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत स्वतः वल्ही मारतात आणि पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, त्यांच्या मुळांत मासे-खेकड्यांची पिल्लं वाढतात. २०१७ पासून त्या हे काम करताहेत. म्हणजे झाडं उभी राहिली तरच त्यांची कमाई. राखण आणि पोट एकाच होडीत बसलंय.

आपल्याकडे समुद्र नाही, पण तलाव आणि नाले आहेत. पहिल्या पावसात अंड्यानं भरलेली मासोळी नाल्यात उलटी चढते आणि आपण नेमकी तीच पकडतो. खरं सांगते, लहानपणी मीही पकडली आहे, खाल्लीही आहे!

पुढच्या बैठकीसाठी काम देते. ग्रामसेवकांना विचारा : आपल्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का, आणि तिच्यात कोण कोण आहे? त्या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. कागदावर आपल्यापैकीच कुणाचं नाव असेल आणि तिलाच माहीत नसेल, असंही होऊ शकतं.

मग चर्चा करा : पावसाळ्याचे पहिले काही दिवस आपल्या नाल्यात मासोळी धरायची नाही असं ठरवलं, तर नुकसान कुणाचं होईल? गावात ढिवर किंवा भोई समाजाची घरं असतील तर तिथल्या दोघी-तिघींना आधी बोलवा आणि त्यांचं ऐकून घ्या. त्या काय म्हणाल्या ते इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहा आणि मी भेटीला आले की दाखवा.