दर यायच्या आधी

शिकत असताना केलेली माझी प्रायोगिक फिल्म दुधनीच्या तूर बाजारावर आहे. कथा नाही, निवेदन नाही. आडतीवरचे सौदे, पोती, मालगाडी आणि दोन भाषांतला गलका. आधी पुण्यात वर्गात दाखवली, मग गावात भिंतीवर चादर लावून. दोन्हीकडचं ऐकून जे उमगलं ते लिहिते आहे.

१. ‘कळलं नाही’ या बोलण्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. वर्गात ते कुणी म्हटलं की चर्चा तिथंच थांबायची. दुधनीत मात्र कळलं नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही. अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचं हे गाव, पलीकडे कर्नाटक. कित्येक घरांत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. अर्धंच कळणारं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची इथल्या माणसांना लहानपणापासून सवय. ‘कळलं नाही बाई’ म्हणणाऱ्यांनीच मला मग एकेक आवाज ओळखून सांगितला: हा चाळणीचा, हा काट्यावर पोतं टाकल्याचा. तेव्हापासून ‘कळली का?’ असं मी विचारत नाही. ‘काय काय ऐकलंत?’ असं विचारते.

२. ‘गोष्ट कुठाय?’ हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात नागराज मंजुळ्यांचं नाव घेऊन येतो. जेऊरच्या या माणसाने ‘पिस्तुल्या’ विद्यार्थी असतानाच केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘तसं काही कर’ म्हणणाऱ्यांच्या मनात माया असते. माझ्या मनात तेव्हा ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट असतो. १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्यांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून तो केला. मणी कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा, के. हरिहरन असे चौघे दिग्दर्शक. तेंडुलकरांचं गाजलेलं नाटक हाती असून त्यांनी सरळ रस्ता घेतला नाही. त्या उदाहरणाने मला बळ येतं. समोरच्याच्या प्रश्नाला मात्र ते उत्तर होत नाही. ते फिल्मनेच द्यायला हवं.

३. एकमेकांच्या उलट वाटणाऱ्या दोन सूचना एकाच जागेवर बोट ठेवत असतात, हे मला सर्वांत जास्त चकित करून गेलं. सौद्याचा एक शॉट होता. ढिगाभोवती व्यापारी, बोली चढते आहे, कडेला शेतकरी उभा. आमचे शिक्षक म्हणाले, फार लांबलाय, काप. गावात आयुष्यभर हमाली केलेले एक काका म्हणाले, ‘दर कुठाय गं? दर यायच्या आधीच तोडलीस की!’ कितीतरी दिवस मी या दोघांत निवड करत बसले. मग संकलनाला बसल्यावर दिसलं, की दोघांनाही तीच उणीव जाणवत होती. ज्याची वाट पाहायची तेच येत नाही, म्हणून तो लांब वाटत होता. मी शॉट वाढवला: दर पुकारला जाईपर्यंत, आणि तो ऐकून शेतकरी मूठभर तूर उचलून पुन्हा ढिगात टाकतो तिथपर्यंत. आता तो सगळ्यांत मोठा शॉट आहे आणि लांबलाय असं कुणीच म्हणत नाही, शिक्षकसुद्धा नाही.

४. काही सूचना मनापासून ऐकूनही घेता येत नाहीत. कन्नड बोलीखाली मराठी अक्षरं टाक, असा एका मैत्रिणीचा आग्रह आहे. मी टाकलेली नाहीत. ज्याला कन्नड येत नाही त्याने चेहऱ्यांवरूनच दराचा अंदाज बांधावा, असं मला मनापासून वाटतं. तिला ते पटलेलं नाही. येत्या हंगामात अक्षरं असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रती गावात लागोपाठ दाखवायच्या, असं आमचं ठरलंय.