काचेच्या घरातील सजावट

प्रस्तावना

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, दुकानात किंवा एखाद्या परिचिताच्या घरी तुम्ही काचेची मत्स्यपेटी निश्चितच पाहिली असेल. बोलताना आपण तिला ‘फिश टँक’ म्हणतो. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना काचेपलीकडच्या जलचरांची ओळख करून दिली आणि ‘असे काही आपल्या घरीही असावे’ ही इच्छा कित्येकांच्या मनात रुजली. अशा पेटीत रंगीबेरंगी खडे, प्लॅस्टिकची झुडपे, बुडालेले जहाज, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी अशा वस्तू मांडलेल्या असतात. त्या आपल्या डोळ्यांना सुखावतात. परंतु त्यांच्या सान्निध्यात अहोरात्र राहायचे असते ते माशांना. म्हणून ही सजावट निवडावी कशी, हा या पाठाचा विषय आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
- मत्स्यपेटीतील सजावटीचे माशांच्या दृष्टीने असलेले कार्य सांगू शकाल;
- सजावटीच्या वस्तूंपासून होणारी इजा आणि पाण्यात होणारा बदल यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
- वस्तूची पारख करण्याच्या सोप्या चाचण्या करू शकाल;
- संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. शोभा कोणासाठी?

इंग्लंडमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाहिल्या आणि १८५० साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. वनस्पती प्राणवायू पुरवीत, गोगलगाई कुजणारी पाने खात आणि त्यामुळे पाणी दीर्घकाळ निर्मळ राही. पुढे १८५४ साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वॉरिंग्टन यांच्या त्या पात्रात केवळ शोभेसाठी म्हणून काही नव्हते. प्रत्येक घटकाला काही काम होते.

आजच्या मत्स्यपेटीतही सजावटीला काम असते. भित्र्या माशाला आडोसा हवा असतो. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या माशांमध्ये एखादा दगड अथवा झुडूप आले, की दुर्बळ माशाला दृष्टिआड होता येते. शिवाय वाळू, खडे आणि शोभेच्या वस्तू यांच्या पृष्ठभागावर उपयुक्त जिवाणूंचा पातळ थर वाढतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांना विषारी असतो. हे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणजेच कृत्रिम सजावट मुळातच वाईट असते असे नाही. ती कशाची बनलेली आहे, तिचा आकार कसा आहे आणि ती कोणत्या माशांजवळ ठेवली आहे, यांवर तिचा हितकारकपणा अवलंबून असतो.

२. आकारापासून होणारी इजा

माशाच्या अंगावर बुळबुळीत श्लेष्माचे आवरण असते. रोगजंतूंपासून रक्षण करणारी ती त्याची पहिली तटबंदी होय. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या झुडपाची टोकदार पाने किंवा कड घासून गुळगुळीत न केलेले जहाज यांवर अंग घासले, की हे आवरण खरवडले जाते आणि जखमेतून जंतुसंसर्ग होतो. फायटर मासा आणि लांब शेपटीचे गोल्डफिश यांचे पर झिरझिरीत असल्याने त्यांना हा धोका अधिक. त्यांच्यासाठी कापडी पानांची, मऊ झुडपे बरी.

छिद्रांचाही विचार करावा लागतो. जहाजाच्या खिडकीतून आज सहज आरपार जाणारा मासा वाढल्यावर तेथेच अडकू शकतो. म्हणून छिद्र एक तर पूर्ण वाढलेल्या माशाला सहज वळता येईल इतके मोठे असावे, नाही तर त्याचे डोकेही आत शिरणार नाही इतके लहान असावे. आतून पोकळ असलेल्या वस्तूत पाणी खेळत नाही. तेथे अन्नाचे कण साचून कुजतात. खड्यांचेही तसेच. गोल्डफिश अन्न शोधताना तळातील खडे तोंडात घेतो आणि त्याच्या तोंडाएवढा खडा घशात अडकण्याचा संभव असतो. तेव्हा त्याच्या पेटीत बारीक वाळू किंवा तोंडात न मावणारे मोठे गोटेच असावेत.

३. पाण्यात उतरणारे पदार्थ

जखम डोळ्यांना दिसते. पाण्यात मिसळलेला पदार्थ दिसत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारचा धोका अधिक फसवा आहे.

खेळण्यांच्या किंवा घरसजावटीच्या दुकानातील वस्तू सतत पाण्यात राहण्यासाठी बनविलेली नसते. तिचा रंग सुटतो, पापुद्रे निघतात. चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांच्या लुकणात शिसे असू शकते. त्या मानाने लुकण नसलेली, भाजलेल्या तांबड्या मातीची साधी कुंडी आडोशासाठी उत्तम. काही प्लॅस्टिकच्या झुडपांच्या देठात तार असते आणि ती गंजते. पितळी मूर्ती किंवा तांब्याचे जुने नाणे पेटीत ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पितळेतही तांबे असतेच, आणि पाण्यात उतरलेले अल्पसे तांबेदेखील गोगलगाई व कोळंबी यांना मारक ठरते. तुटलेली वस्तू चिकटविण्यासाठी स्नानगृहात वापरतात ते बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये. बुरशीला मारणारे त्यातील द्रव्य माशांनाही अपायकारक असते.

आता दगडांकडे वळू. संगमरवर, चुनखडक, शंख-शिंपले आणि प्रवाळ यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. ते पाण्यात हळूहळू विरघळते. त्यामुळे पाणी जड होते आणि त्याचा सामू वाढतो. सामू म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दर्शविणारा अंक. ७ हा उदासीन. हा बदल आपल्याला नगण्य वाटतो, परंतु माशाला तो प्राणघातक ठरू शकतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: एक बराचसा निरुपद्रवी, दुसरे विषारी. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना विषारी रूपाचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का असते; सामू ८ झाला, की ते सुमारे ५ टक्के होते. म्हणजे अमोनिया एका थेंबानेही न वाढता त्याचे विषारी रूप जवळजवळ दहापट होते. पेटी नवी असेल आणि जिवाणूंचा थर अद्याप तयार झाला नसेल, तर अशा वेळी मासे दगावतात आणि त्यांचे कारण होते तो सुंदर पांढरा दगड.

तथापि हीच वस्तू दुसरीकडे उपकारक ठरते. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी मुळातच जड व अल्कधर्मी आहे. तेथील काही सिक्लिड मासे तर गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांतच संसार थाटतात. त्यांच्या पेटीत शंख हवेतच. ॲमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्यात वाढणाऱ्या निऑन टेट्राच्या पेटीत मात्र ते नकोत. निवड आपल्या आवडीवर नव्हे, तर माशाच्या मूळ निवासावर ठरावी.

४. पारख कशी करावी?

*बोटांची चाचणी.* वस्तूच्या सर्व कडांवरून जुना पायमोजा किंवा तलम कापड फिरवावे. धागा अडकला, तर माशाचा परही अडकेल असे समजावे. बारीक पॉलिशकागदाने ती कड घासून घ्यावी किंवा वस्तू बाद करावी.

*आम्लाची चाचणी.* दगड कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले, तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. ही चाचणी पेटीबाहेरच करावी आणि नंतर दगड स्वच्छ धुवावा. येथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पा आणि सह्याद्रीतील काळा बेसाल्ट दिसायला सारखेच. पण कडप्पा हा चुनखडक, तर बेसाल्ट हा लाव्हारसापासून बनलेला अग्निज खडक. शहाबादी फरशीही चुनखडकाचीच. बेसाल्ट सहसा निर्धोक असतो. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतात. म्हणून थेंब त्या पांढऱ्या ठिपक्यांवरही टाकून पाहावेत.

*दोन बादल्यांची चाचणी.* दोन स्वच्छ बादल्यांत एकाच नळाचे पाणी भरावे. एकीत वस्तू बुडवावी, दुसरी तशीच ठेवावी. आठ दिवसांनी दोन्हींचा रंग, वास आणि चाचणीपट्टीने सामू ताडून पाहावा. दुसरी बादली कशासाठी? पाणी नुसते ठेवले तरी त्यात काही बदल होतात. ते बदल कोणते आणि वस्तूमुळे झालेले बदल कोणते, हे तुलनेवाचून कळणार नाही.

या चाचण्यांतून उतरलेली वस्तू कोमट पाण्याने चोळून धुवावी. साबण किंवा डिटर्जंट वापरू नये. त्याचा अंश सच्छिद्र पृष्ठभागात राहतो. दगड उकळू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. पेटीतील जुनी वस्तू धुताना पेटीतूनच काढलेले पाणी घ्यावे, म्हणजे उपयुक्त जिवाणू टिकून राहतील. जड दगड थेट काचेवर न ठेवता खाली जाडसर आधार द्यावा आणि पोहण्यासाठी मधली जागा मोकळी सोडावी.

५. कृत्रिम ते सर्वच त्याज्य का?

‘नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ ही आपली सर्वसाधारण धारणा असते. प्रवाळाच्या बाबतीत ती उलटी पडते. भित्तिका उभारणारी प्रवाळे २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाली. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. समुद्रातून तोडलेल्या खऱ्या प्रवाळाने गोड्या पाण्याची पेटी बिघडते आणि अनेक जिवांचे समुद्रातील घरही मोडते. तपासून घेतलेले रेझिनचे प्रवाळ यांपैकी काहीच करीत नाही.

नदीतील माशाला पाणी मानवले नाही, तर तो दूर जाऊ शकतो. पेटीतील माशाला ती मुभा नाही. त्याच्या भोवतीची प्रत्येक वस्तू आपण निवडलेली असते. म्हणून तिच्या परिणामांची जबाबदारीही आपलीच असते.

शब्दार्थ

श्लेष्मा – शरीरावरील बुळबुळीत स्राव
लुकण – मातीच्या भांड्यांना दिलेला चकाकणारा लेप
निरुपद्रवी – त्रास न देणारा
सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला
त्याज्य – टाकून देण्याजोगे

भाषाभ्यास

पुढील वाक्य पाहा: ‘जर दगडावर बुडबुडे आले, तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे.’ येथे एका वाक्यातील गोष्ट दुसऱ्या वाक्यातील अटीवर अवलंबून आहे. अशी अट दाखविणाऱ्या ‘जर–तर’, ‘जरी–तरी’ यांसारख्या अव्ययांना संकेतबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. बोलताना आणि लिहिताना ‘जर’ पुष्कळदा गाळला जातो. पाठातील अशी दोन वाक्ये शोधून लिहा.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा. पाण्याचा सामू वाढविणारा दगड कोणता? (अ) बेसाल्ट (आ) कडप्पा (इ) भाजलेल्या मातीचा तुकडा
२. चूक की बरोबर ते लिहा. सजावटीच्या वस्तू साबणाने धुवाव्यात.
३. दोन बादल्यांच्या चाचणीत दुसरी बादली कशासाठी ठेवतात?

स्वाध्याय

१. ‘अमोनिया न वाढताही पाणी अधिक विषारी होऊ शकते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. शंख कोणत्या पेटीत उपकारक व कोणत्या पेटीत अपायकारक, ते सकारण लिहा.
३. तुमच्या परिसरातील तीन प्रकारच्या दगडांवर आम्लाची चाचणी करा आणि निरीक्षणे आठ ते दहा ओळींत लिहा.
४. ‘पाळीव जीव आणि आपली जबाबदारी’ या विषयावर स्वतःचे विचार मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) कडप्पा. २. चूक. ३. पाण्यात आपोआप होणारे बदल आणि वस्तूमुळे होणारे बदल यांची तुलना करण्यासाठी.