भाताचा लगाम कोण सोडतं?

प्रश्न : तासगावकडे द्राक्षाला जीए देतात आणि मणी फुगतो. भातात असं काही असतं का? आजऱ्याचा घनसाळ वाढून लोळतो, ठेंगणं भात खत घालूनही उभं राहतं, असं का?
– एक वाचक, कबनूर

उत्तर : जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, आणि या संजीवकाचा माग लागला तोच मुळी भातात. जपानमध्ये भाताची काही रोपं एकाएकी उंच, फिकट होऊन कोलमडत. ही वाढ एका बुरशीच्या स्रावामुळे होते, हे एइची कुरोसावा यांनी १९२६ साली तैवानमध्ये दाखवलं. निरोगी झाडही हे द्रव्य, म्हणजे जिबरेलिन, स्वतः बनवतं, हे पुढे कळलं.

मात्र ही वाढ घडवताना जिबरेलिन जनुकांना थेट हात लावत नाही. पेशीच्या केंद्रकात एसएलआर-१ नावाचं प्रथिन वाढीच्या जनुकांना लगाम घालून बसलेलं असतं. जिबरेलिन जीआयडी-१ या ग्राही प्रथिनात जाऊन बसतं (तेही २००५ साली भातातच सापडलं), मग ही जोडी एसएलआर-१ला धरते आणि पेशी त्याचे तुकडे करून टाकते. लगाम सुटतो, जनुकं कामाला लागतात, पेशी लांबतात, पेरं वाढतं.

तैवानच्या दी-जिओ-वू-जेन या ठेंगण्या वाणात जिबरेलिन बनवणारं एक जनुक बिघडलेलं आहे. जिबरेलिन कमी, म्हणून लगाम पक्का आणि ताट आखूड. १९६६चं आयआर-८ याच वाणाच्या संकरातून आलं. नत्र दिलं तरी ते लोळेना आणि दाणाही भरपूर देई. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की फुलोऱ्यात त्याच कामाचं दुसरं जनुक चालू असतं, म्हणून ताट खुजं राहूनही लोंबीचं नुकसान होत नाही. घनसाळासारख्या जुन्या उंच वाणांत ताटाला अशी आडकाठी नसते. ते वाढतात आणि दाणा भरला की भाराने आडवे होतात.

म्हणून द्राक्षाचं पाहून उभ्या भातावर जीए मारू नका; ताट लांबेल आणि पीक लोळेल. कर्जतच्या ‘सह्याद्री’सारख्या संकरित भाताच्या बीजोत्पादनाची गोष्ट वेगळी. तिथे मादी वाणाची लोंबी वरच्या पानाच्या आवरणातच अडकते, परागकण तिच्यापर्यंत पोचत नाहीत. नेमक्या त्या वेळी जीए फवारलं की लोंबीखालचं पेरं लांबतं आणि लोंबी बाहेर येते.