फाइल समोर दिसते, तरी ‘सापडत नाही’

क्रॉस कंपायलर बसवताना सहसा काहीच बिघडत नाही, आणि तिथेच तो फसवतो. उबुंटूवर एका आज्ञेत पॅकेज उतरतं, ‘हॅलो वर्ल्ड’ विनातक्रार कंपाइल होतं. रडगाणं सुरू होतं ते फाइल बोर्डावर नेल्यानंतर.

आमचं काम साधं होतं. टाकीतल्या पाण्याची पातळी नोंदवणारा सी प्रोग्रॅम, आणि तो चालवायला जुना रास्पबेरी पाय झीरो. लॅपटॉपवर एकही वॉर्निंग नाही, बोर्डावर मात्र सुरू करताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. अशा वेळी माणूस पॉइंटर तपासत बसतो. त्याआधी एक करा: नुसतं शून्य परत करणारं मेन फंक्शन लिहा, तेवढंच कंपाइल करा आणि चालवून बघा. आमचं तेही कोसळलं, म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष सुटला.

दोष होता नावात. डेबियन आणि उबुंटू ज्या आर्म प्रकाराला ‘आर्मएचएफ’ म्हणतात तो किमान आर्मव्ही७ प्रोसेसर धरून चालतो. पहिला पाय आणि मूळ झीरो यांचा प्रोसेसर आर्मव्ही६चा. त्यांच्यासाठी रास्पबियन ही डेबियनची आवृत्ती वेगळी बांधावी लागली, पण नाव तेच राहिलं, आर्मएचएफ. पुण्यात नुसतं ‘वडगाव’ सांगितलं तर रिक्षावाला निदान विचारतो, शेरी की बुद्रुक? कंपायलर तेवढंही विचारत नाही.

यावर बरेच जण सुचवतात की कंपायलरच्या ‘-march’ पर्यायात आर्मव्ही६ लिहा. त्याने तुमचा कोड व्ही६चा होतो. पण मेनच्या आधी चालणारा, टूलचेनसोबत आलेला सुरुवातीचा तुकडा व्ही७चाच राहतो. ‘फाइल’ ही आज्ञा इथे कामाची नाही, ती दोन्हींना नुसतं ‘आर्म’ म्हणते. रीडएल्फला मोठ्या ‘ए’चा पर्याय द्या, सीपीयू आर्किटेक्चरच्या ओळीत खरं काय ते दिसेल. उपाय एकच, आर्मव्ही६साठी बांधलेली टूलचेन. क्रॉसटूल-एनजीने ती घरी बांधता येते. फक्त चहा-जेवण उरकून या, वेळ लागतो.

दुसरा फसवा संदेश म्हणजे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. एलएस केलं की फाइल समोर दिसते, परवानगीही बरोबर असते, तरी शेल म्हणतो फाइलच नाही. सापडत नसतो तो तुमचा प्रोग्रॅम नव्हे, तर त्याला मेमरीत चढवणारा लोडर. त्याचा पूर्ण मार्ग प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो. रीडएल्फला छोट्या ‘एल’चा पर्याय दिला की ‘इंटरप्रिटर’च्या ओळीत तो वाचता येतो. तो मार्ग बोर्डावर आहे का बघा. अल्पाइन किंवा ओपनडब्ल्यूआरटीसारख्या, ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल वापरणाऱ्या प्रणालीवर तो नसतोच.

ग्लिबसीचंही एक वेगळं प्रकरण आहे. ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनचीच आवृत्ती बदलली. त्यामुळे उबुंटू २२.०४वर, म्हणजे ग्लिबसी २.३५वर, कंपाइल केलेलं साधं ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा डेबियन ११च्या २.३१वर चालत नाही. जुनं नव्यावर चालतं, नवं जुन्यावर नाही. अशा वेळी लॅपटॉपवरची नवी लिबसी बोर्डावर टाकायचा मोह कृपा करून आवरा. एलएसपासून एसएसएचपर्यंत सगळं त्याच लायब्ररीवर उभं असतं. ती बिघडली की कार्ड काढून पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. त्यापेक्षा डेबियन ११चा कंटेनर घ्या आणि त्यात कंपाइल करा.

किंवा बोर्डावरच्याच लायब्ररी लॅपटॉपवर आणून त्यांचा सिसरूट करा, म्हणजे कंपायलरने लायब्ररी जिथे शोधायच्या तो फोल्डर. मात्र त्यातल्या सिमलिंक तपासा. ‘/लिब’पासून सुरू होणारी लिंक लॅपटॉपवर आली की लॅपटॉपच्याच ‘/लिब’कडे बोट दाखवते. लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणू लागला तर समजा, घरच्या लायब्ररी आत शिरल्यात. पीकेजी-कॉन्फिगलाही सिसरूटचा पत्ता वेगळा द्यावा लागतो. नाहीतर तो खुशाल लॅपटॉपचेच मार्ग पुरवतो.

नावांचा घोळ कॉन्फिगर स्क्रिप्टमध्येही होतो. तिच्या लेखी ‘होस्ट’ म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालणार ते यंत्र. ‘टार्गेट’ फक्त कंपायलरसारखी साधनं बांधताना लागतं. नुसतं टार्गेट दिलंत तर स्क्रिप्ट तक्रार न करता लॅपटॉपसाठीच बांधून मोकळी होते.

बोर्ड अजून घ्यायचा असेल, तर झीरो २ डब्ल्यू घ्या. त्याचा प्रोसेसर आर्मव्ही८चा आहे, व्ही६चा हा घोळ तिथे उरत नाही. ग्लिबसीचा हिशेब मात्र तिथेही आधीच जुळवून घ्या.