सायकलीच्या अंगावरचा रंग

फुलंब्रीत काय किंवा दुसऱ्या कोणत्याही तालुक्याच्या गावी काय, शाळेच्या कुंपणाला टेकवलेल्या सायकली एकदा जवळून न्याहाळा. जिथे रंगाचा टवका उडाला आहे, तिथे तांबूस गंज दिसेल. त्या गंजाच्या कडेने रंग थोडा फुगलेलाही असेल. तो का फुगतो? गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. तो रंगाला आतून उचलतो, त्या फटीत पाणी आणि हवा शिरते आणि आणखी गंज चढतो. पोलादी सायकलीला रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे, ती तिची कातडीच आहे.

आता छत्रपती संभाजीनगरहून चौका घाटमार्गे अजिंठ्याच्या रस्त्याला निघालेला एखादा हौशी सायकलस्वार डोळ्यांपुढे आणा. त्याच्या सायकलीची फ्रेम कार्बन तंतूंची असू शकेल. हे तंतू पाच ते सात मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहावा हिस्सा. त्यांचे पातळ थर एकावर एक ठेवून इपॉक्सी राळेने घट्ट बांधलेले असतात. कार्बन गंजत नाही. मग त्याला रंग कशाला हवा?

याचे उत्तर अजिंठ्यालाच सापडते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञांना तेथील भित्तिचित्रे जपण्यासाठी बोलावले होते. त्यांनी चित्रांवर चपडी लाखेचे पारदर्शक रोगण चढवले. हेतू चांगला होता, पण पुढे ते रोगण पिवळे, काळपट पडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते उतरवण्याचे किचकट काम करावे लागले. पारदर्शक थर कायम पारदर्शक राहतोच असे नाही. इपॉक्सीचेही तेच आहे. उन्हातील जंबुपार किरणांनी तिचे रेणू तुटतात, ती पिवळी पडते आणि पुढे पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो. म्हणून ‘बिनरंगी’ दिसणाऱ्या काळ्या फ्रेमवरही हे किरण शोषून घेणारा पारदर्शक लेप दिलेलाच असतो.

मग पोलादी फ्रेमसारखाच पक्का भाजलेला रंग कार्बनला का देत नाहीत? त्यासाठी भुकटीचा रंग, म्हणजे पावडर कोटिंग, कसे होते ते पाहू. एक लहानसा प्रयोग करा. प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासा आणि रांगोळीच्या चिमटीजवळ धरा. रांगोळीचे कण उडून पट्टीला चिकटतील. (हिवाळ्यात हा प्रयोग हमखास जमतो, पावसाळ्यात रुसतो.) कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. रंगाच्या कोरड्या भुकटीला साठ ते शंभर किलोव्होल्ट विद्युतदाबाच्या पिस्तुलातून ऋण भार देतात आणि पोलादी फ्रेम तारेने जमिनीला जोडतात. विद्युतबलाच्या रेषा नळीला वळसा घालून मागच्या बाजूलाही पोचतात, त्यामुळे समोरून फवारलेली भुकटी पाठीमागेही बसते. फक्त पेडलजवळ, जिथे अनेक नळ्या एकत्र येतात, त्या कोनाड्यात विद्युतक्षेत्र क्षीण असते आणि तिथे रंग हटकून पातळ राहतो. गंज पुष्कळदा तिथूनच सुरू होतो, हे पडताळून पाहा. फवारणीनंतर फ्रेम १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवली की भुकटी वितळून एकसंध थर होतो.

पोलादाला २०० अंशांचे काहीच वाटत नाही. इपॉक्सी मात्र साधारणपणे १०० ते १५० अंशांच्या दरम्यान काचेसारखा कडकपणा सोडून मऊ होऊ लागते. म्हणून कार्बन फ्रेमला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग देतात. त्यातले दोन द्रव मिसळले की त्यांची आपसांत रासायनिक क्रिया होते आणि रंग नेहमीच्या तापमानाला किंवा थोड्याशा उबेने पक्का होतो.

फॅशनचे म्हणाल तर प्रकार बरेच आहेत. खरखरीत, मंद दिसणाऱ्या लेपात सिलिकाचे बारीक कण असतात. त्यांच्यामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. पण असा लेप घासला गेला की तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकतो आणि डाग कायमचा राहतो. मोतिया रंगात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. साबणाच्या फुग्यावर दिसणारे रंग आणि हे रंग यांचे कारण एकच, प्रकाशलहरींचे व्यतिकरण.

रंगाचे वजन किती भरते? फ्रेमचा पृष्ठभाग सुमारे ४,००० चौरस सेंटीमीटर आणि रंगाची जाडी १०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.०१ सेंटीमीटर धरा. घनफळ ४० घन सेंटीमीटर आले. घनता १.३ धरली तर वजन ५२ ग्रॅम. हे वाचवण्यासाठी काही जण रंग टाळतात. स्वार आणि सायकल मिळून ६८ किलोग्रॅम असतील, तर ५२ ग्रॅम म्हणजे एक हजारांशाहूनही कमी. वीस मिनिटांच्या चढावर एक सेकंदसुद्धा वाचत नाही! माझ्या मते त्यापेक्षा पाण्याची बाटली थोडी कमी भरावी.

खरा धोका जुना रंग काढताना असतो. पोलादी फ्रेम सँडपेपरने लख्ख घासा, बिघडत नाही. कार्बन नळीची भिंत मात्र पुष्कळ ठिकाणी एक ते दीड मिलिमीटरची असते आणि तंतूंचा एक थर ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा. घासण्याच्या भरात एक थर गेला, तर दहांतला एक पहारेकरी गेला. पारदर्शक लेपाची भुकटी पांढरी पडते. ती काळी पडू लागली की तंतू कापले जात आहेत असे समजावे आणि हात थांबवावा. ती काळी धूळ फुप्फुसांनाही वाईट, म्हणून तोंडावर मुखपट्टी हवीच. रंग उतरवण्याची तीव्र रसायने तर वापरूच नयेत. ती रंगाबरोबर राळही पोखरतात.

नवा रंग दिलेली जुनी कार्बन फ्रेम कोणी स्वस्तात देऊ केली, तर जरा थांबा. आपटल्यावर पोलाद पुष्कळदा वाकते, पोचते, आपल्याला दिसते. कार्बनचे थर मात्र आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा ताजा रंग ती भेग झाकतो. बाजारात मडके घेताना आजी ते बोटाने वाजवून पाहते ना? तसे नाण्याने नळीवर हलकेच टिचकी मारत पुढे सरका. धड भागात आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी तो एकदम बद्द होतो. नळीची जाडी जिथे बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून डावी आणि उजवी बाजू एकाच जागी वाजवून ताडून पाहावी.